आमची वाटचाल : फुगा, दुर्बीण आणि बालाघाटच्या शाळा

बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात फुग्याचं तारांगण, म्हणजे हवा भरून उभा राहणारा आणि आत आकाश दाखवणारा कापडी घुमट, आम्ही नेलं, तेव्हा ‘अंतराळाची सफर’ असे फलक लावणारे आजचे बरेच जण या धंद्यात नव्हते. पहिली वर्षं बरी गेली. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि घुमट गोदामात पडला. उघडला तर कापडाचा लेप घडीतच चिकटलेला, शिवणी उंदरांनी कुरतडलेल्या. कर्जाचं व्याज चालूच. ज्यांच्याकडे घुमट आहे त्यांनी पावसाळ्यापूर्वी टाल्कम पावडर मारावी आणि अधूनमधून घडीची जागा बदलावी.

23 ऑगस्ट 2023 ला चंद्रयान-3 उतरलं. तोच राष्ट्रीय अंतराळ दिन ठरला आणि सगळ्यांना कार्यक्रम ऐन पावसाळ्यात हवा झाला. आमच्याकडेच शिकून गेलेल्या एकाने इथे डाव साधला. फुगा, कार्टून फिल्म, वीस मिनिटांत तुकडी बाहेर, दर आमच्या निम्मा. दुर्बीण नाहीच, मग ढग आले काय नि गेले काय!

आमचा दर कशाचा, तेही सांगतो. आठ इंची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण. नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं, 1200 मिमी. 25 मिमीच्या आयपीसने, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाने, 48 पट दिसतं, 10 मिमीने 120 पट. पण 120 पटीवर पृथ्वीच्या फिरण्यामुळे शनी दोन मिनिटांच्या आत नजरेबाहेर जातो, म्हणून दुर्बिणीजवळ एक माणूस कायम लागतो. रांगेतली पोरं आयपीस धरतात आणि नेम हलतो; स्टूल ठेवा, हात पाठीमागे घ्यायला लावा. घाटातून जीप आली की आरशांची जुळवणी पुन्हा करावीच लागते, नाहीतर गुरूचे पट्टे पुसट होतात. सूर्य दाखवायचा तर फिल्टर दुर्बिणीच्या नळीच्या सूर्याकडच्या तोंडाशीच बांधायचा. आयपीसला लावायचे काळे फिल्टर उष्णतेने तडकतात. ते फेकून द्या. 2025 मध्ये शनीची कडी कडेने दिसत होती, नुसती रेघ. एका संस्थेने ‘दुर्बीण खराब’ म्हणून बिल कापलं. ते अजून खटकतं.

पाटोद्याकडच्या एका शाळेच्या हेडसरांनी मात्र आम्हाला कधी सोडलं नाही. त्यांच्याकडची निम्मी पोरं ऊसतोड कामगारांची. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या कारखान्याकडे निघतात, वर्ग ओस पडतात, आणि आभाळ नेमकं तेव्हाच स्वच्छ होतं. म्हणून सर नवरात्रातली सातवी-आठवी माळ धरतात. तेव्हा चंद्र अर्धा असतो. उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात आणि कडा ठसठशीत दिसतात. परतीच्या पावसाने घोळ घातला तर पुढची तारीख टोळी निघण्याआधीचीच. फिल्मवाल्याचा निम्मा दर त्यांनाही आला होता. त्यांनी एवढंच विचारलं, “चंद्र दाखवता का?”

बाकीच्यांना कोजागिरीच हवी असते. पौर्णिमेला ऊन सरळ पडतं, सावली नसते, चंद्र सपाट दिसतो आणि झगझगाटात बाकी काही दिसत नाही. मसाला दूध तेव्हा प्या, दुर्बीण शुद्ध षष्ठी ते दशमीला बोलवा. आणि बुकिंग करताना विचारा की ढग आले तर पुढची तारीख मिळेल का. आम्ही देतो, आगाऊ रक्कमही तीच धरतो.