तुम्ही विचारलंत म्हणून : ‘साउंड’ला इतके अर्थ कसे?

मी इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते हे कळलं की दोन प्रश्न ठरलेले. पहिला पैशांचा, तो पटकन आटोपतो. दुसरा असा, की इंग्रजीत एकेका शब्दाला एवढे अर्थ कसे, आणि त्या लोकांचा गोंधळ कसा उडत नाही? विचारणाऱ्याकडे उदाहरण तयार असतं आणि बऱ्याचदा ते ‘साउंड’चं असतं. साउंड म्हणजे आवाज, इथवर ठीक. मग ‘साउंड स्लीप’ म्हणजे गाढ झोप कशी? झोपेचं आणि आवाजाचं तर हाडवैर. ‘सेफ अँड साउंड’मध्ये कसला आवाज आहे? आणि नकाशावर प्यूजेट साउंड, लाँग आयलंड साउंड, प्लिमथ साउंड अशी नावं दिसतात, तिथे तर नुसतं पाणी पसरलेलं असतं.

या प्रश्नात एक गृहीत धरलेलं असतं, की ‘साउंड’ हा एक शब्द आहे. ते चार शब्द आहेत. चौघांची कुळं वेगळी, गावं वेगळी. शतकानुशतकं झिजत, वळत ते एकाच स्पेलिंगवर आणि एकाच उच्चारावर येऊन पोचले. जाडजूड इंग्रजी कोश उघडलात तर ‘साउंड’ एकदा सापडत नाही. ओळीने तीन-चार नोंदी दिसतात, प्रत्येकीच्या डोक्यावर बारीक आकडा. तो आकडा म्हणजे कोशकाराचा इशारा असतो, की बाबा रे, हे नावबंधू आहेत, नातेवाईक समजू नकोस.

मराठीत हे आपण रोज करतो, फक्त लक्षात येत नाही. ‘नाव’ घ्या. पाण्यातली नाव संस्कृत ‘नौ’कडून आली, आणि माणसाचं नाव ‘नाम’कडून. दोन वेगळे शब्द घासून घासून सारखे झाले. याउलट झाडाचं पान, वहीचं पान आणि जेवणाचं पान हा एकच शब्द, ‘पर्ण’मधून आलेला आणि मग अंगाने पसरत गेलेला. इंग्रजीतही हे दोन्ही प्रकार आहेत. ‘रन’ हा पसरलेला शब्द. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशासाठी त्याची नवी नोंद तयार झाली तेव्हा नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ निघाले, पण धावण्याची मूळ कल्पना बहुतेकांच्या तळाशी सापडते. ‘साउंड’ हा दुसऱ्या जातीचा. त्यामुळे गाढ झोपेत आवाज शोधत बसलात तर तो मिळणार नाही.

आता एकेकाची गोष्ट. पण सगळ्यांना सारखी जागा देणार नाही, कारण सगळे सारखे मजेदार नाहीत.

आवाजवाला साउंड लॅटिन ‘सोनुस’मधून आला, फ्रेंचमार्गे. आपल्याला तो परका नाही. संस्कृतातला ‘स्वन’ त्याच मुळाचा, आणि मराठी भाषाविज्ञानात भाषेतल्या ध्वनीच्या एककाला ‘स्वनिम’ म्हणतात तेव्हा तोच धातू कामाला लागलेला असतो. नॉर्मन राज्यकर्त्यांच्या फ्रेंचमधून तो इंग्लंडात उतरला तेव्हा त्याच्या शेवटी ‘ड’ नव्हता. चौदाव्या शतकात तो चक्क ‘सून’ असा उच्चारला जायचा. पुढे इंग्रजीतल्या दीर्घ स्वरांची मोठी उलथापालथ झाली, ‘हूस’चं हाउस झालं, ‘मूस’चं माउस झालं, आणि सुनेचंही त्याच लाटेत रूप पालटलं.

मग ‘ड’ कुठून आला? जिभेच्या आळसातून. ‘न’ म्हणताना जीभ जिथे टेकते तिथेच ती ‘ड’साठीही टेकते, सोडताना थोडी घाई झाली की ‘ड’ फुकटात निघतो. ‘थुनोर’चं थंडर असंच झालं. आपण तरी काय वेगळं केलं? ‘वानर’मध्ये ‘द’ नाही, पण ‘वांदर’मध्ये आहे. इंग्रजी बोलीत ‘गाउन’ला ‘गाउन्ड’ म्हणणारे लोक होते. त्यांना गावंढळ ठरवलं गेलं. ‘साउंड’ मात्र त्याच अशुद्धाच्या जोरावर प्रमाण होऊन बसला. शुद्धलेखनाच्या कैवाऱ्यांना मी हे उदाहरण आवर्जून देते. त्यांना ते आवडत नाही.

आणि हा उसना ‘ड’ आला म्हणूनच पुढचा घोळ झाला. कारण बाकीच्या तिन्ही साउंडांकडे तो ‘ड’ जन्मापासून होता. आवाजवाल्याने तो घेतला नसता, तर तो एकटा वेगळा ओळखू आला असता आणि हा प्रश्न मला कोणी विचारला नसता.

गाढ झोपेतला साउंड अस्सल जर्मानिक. जुन्या इंग्रजीत तो ‘गेसुंड’ होता, म्हणजे निरोगी, धडधाकट. पुढचा ‘गे’ गळून पडला. जर्मनमध्ये तो अजून शाबूत आहे: ‘गेझुंड’ म्हणजे तब्येतीने ठणठणीत, आणि समोरचा शिंकला की ‘गेझुंडहाइट’ म्हणतात. हे एकदा कळलं की कितीतरी शब्दप्रयोग आपोआप सुटतात. सेफ अँड साउंड म्हणजे सुखरूप आणि धडधाकट. मृत्युपत्रातलं ‘साउंड माइंड’ म्हणजे बुद्धी शाबूत असणं. घोड्यांच्या बाजारात ‘साउंड’ घोडा म्हणजे पायाने आणि दमाने निर्दोष. साउंड स्लीप म्हणजे कुठेही तडा न गेलेली झोप. साउंड सल्ला, साउंड बँक, साउंड युक्तिवाद, सगळे याच घरातले. याच्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही. गुणी मुलगा आहे.

तिसरा साउंड नकाशावरचा. नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेत, ‘सुंड’ म्हणजे पोहणं, आणि त्यावरून दोन किनाऱ्यांमधली अरुंद पाण्याची पट्टी. ‘स्विम’ याच मुळाचा. डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यामधल्या ओरेसुंडला इंग्रज खलाशी पूर्ण नाव घ्यायचेच नाहीत, ‘द साउंड’ म्हणून मोकळे व्हायचे. बाल्टिक समुद्रात ये-जा करायची तर मुख्य वाट हीच. हेल्सिंगोरपाशी ही सामुद्रधुनी जेमतेम चार किलोमीटर रुंद आहे. डेन्मार्कच्या राजाने १४२९ पासून तिथे जहाजांवर कर बसवला, तो थेट १८५७ पर्यंत चालला. इंग्रजीत त्याचं नाव ‘साउंड ड्यूज’. पहिल्यांदा वाचताना ध्वनिप्रदूषणाचा दंड वाटतो. त्यात एक युक्ती मला फार आवडते: मालाची किंमत कप्तानानेच सांगायची, पण सांगितलेल्या किमतीला तो सगळा माल विकत घेण्याचा हक्क राजाकडे. किंमत कमी सांगून कर चुकवायला जावं, तर राजा मालच उचलणार. किनाऱ्यावरचा क्रोनबोर्ग किल्ला सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिमाखात पुन्हा बांधला गेला तो याच कराच्या पैशावर. या किल्ल्याकडे परत यायचं आहे.

चौथा माझा लाडका. हा क्रियापद आहे: टु साउंड, म्हणजे पाण्याची खोली मोजणं, ठाव घेणं. फ्रेंच ‘सोंदे’वरून आला. त्या फ्रेंच शब्दाचं मूळ काही अभ्यासक लॅटिनमध्ये लावतात, तर काही वरच्याच ‘सुंड’मध्ये, कारण जुन्या इंग्रजीत खोली मोजायच्या काठीला ‘सुंडग्यर्ड’ असा शब्द सापडतो. दुसरं मत खरं असेल तर तिसरा आणि चौथा लांबचे भाऊ निघतात.

काम कसं चालायचं ते बघा. लांब दोरीच्या टोकाला शिशाचं वजन. दोरीवर ठरावीक वावांवर (इंग्रजी ‘फॅदम’ आणि आपला ‘वाव’ हे माप एकच, दोन्ही हात पसरल्यावर होणारं, साधारण सहा फूट) खुणा: दोन वावांवर चामड्याच्या दोन पट्ट्या, तिनावर तीन, पाचावर पांढरं कापड, सातावर लाल, दहावर भोक पाडलेलं चामडं. चिंध्या वेगवेगळ्या पोताच्या, म्हणजे अंधाऱ्या रात्री नुसत्या चाचपूनही ओळखू याव्यात. वजनाच्या बुडाला खोबण असायची आणि तिच्यात चरबी भरलेली. वजन तळाला टेकलं की वाळू, चिखल, शिंपल्यांचे तुकडे, जे असेल ते चरबीला चिकटून वर यायचं. खोली किती आणि तळ कसला, या दोन गोष्टींवरून जुना वाटाड्या धुक्यातसुद्धा जहाज कुठे आहे ते सांगायचा. मिसिसिपी नदीवरच्या वाफेच्या बोटींवर ‘मार्क ट्वेन’ अशी आरोळी आली की दोन वाव पाणी आहे, बोट जाऊ द्या. त्या नदीवर वाटाड्या म्हणून काम केलेल्या सॅम्युअल क्लेमेन्सने १८६३ मध्ये हीच आरोळी लेखक म्हणून आपलं टोपणनाव केली.

‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाने २३ मार्च १८७५ रोजी पश्चिम पॅसिफिकमध्ये ४,४७५ वाव दोरी सोडली, म्हणजे आठ किलोमीटरहून जास्त, आणि तीही तागाची. अशा एकेका मापाला तास जायचे. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोरी सोडण्याऐवजी पाण्यात आवाज सोडायचा आणि तळावर आपटून परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं, असं तंत्र आलं. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर जातो, त्यामुळे चॅलेंजरच्या त्या खोलीचं उत्तर अकरा सेकंदांत मिळतं. १९२५ ते १९२७ या काळात ‘मेटेओर’ या जर्मन जहाजाने दक्षिण अटलांटिकचा तळ असाच चाचपला. या पद्धतीचं नाव ‘इको साउंडिंग’. ऐकणाऱ्याला वाटतं, आवाज वापरतात म्हणून साउंडिंग. तसं नाही. साउंडिंग म्हणजे खोली मोजणं, हा शब्द शिशाच्या काळापासूनचा. आवाजवाला साउंड तिथे नंतर कामाला लागला, आणि तो खोलीवाल्याचं काम करतो. एकमेकांशी सुतराम संबंध नसलेले दोन शब्द एका यंत्रात अशी गाठ पडून बसलेत, हे मला भलतंच गंमतीचं वाटतं.

खोलीवाला साउंड पाण्यातून बाहेरही पडला. हवामानखात्याचे फुगे वर जाताना तापमान, दाब, आर्द्रता कळवतात, त्या नोंदीलाही साउंडिंगच म्हणतात. फुग्याला बांधलेल्या यंत्राचं नाव ‘रेडिओसाँड’, त्यातला ‘साँड’ सरळ फ्रेंच. वातावरणाच्या वरच्या थरांची मोजणी करणाऱ्या ‘साउंडिंग रॉकेट’चं भाषांतर ‘आवाज करणारा अग्निबाण’ असं कोणी केलं तर व्याकरण बिचारं अडवणार नाही. शल्यचिकित्सेत शरीराच्या पोकळीत घालून अंदाज घ्यायची सळई असते, तीही साउंड. देवमासा सरळ खाली बुडी मारतो, तेही साउंड करणं. आणि एखाद्याला ‘साउंड आउट’ करायचं म्हणजे त्याच्या मनात काय आहे याचा हळूच अंदाज घ्यायचा. मराठीत आपण मनाचा ठाव घेतो, थांग लावतो. दर्यावर गेलेल्या आणि न गेलेल्या, दोन्ही भाषांना मन खोल वाटलं.

आता तुमच्या प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग: गोंधळ होत नाही का? बोलताना सहसा नाही. ‘साउंड स्लीप’मध्ये विशेषण, ‘साउंड आउट’मध्ये क्रियापद, नकाशावरचा साउंड कुठल्या तरी विशेषनामाला चिकटलेला; शेजारी कोण बसलंय त्यावरून ओळख पटते. आपण ‘नाव बुडाली’ ऐकून जन्मदाखला शोधत नाही, तसंच. मूळ विचारलंत तर मात्र त्यांच्यातलेही बहुतेक जण इको साउंडिंगला आवाजातच बुडवतील.

आणि कधीकधी गोंधळ मुद्दाम घातला जातो. शेक्सपिअरचा हॅम्लेट राहतो एल्सिनोरला. एल्सिनोर म्हणजे हेल्सिंगोरच, तोच कराचा किनारा, तोच किल्ला. राजाने हॅम्लेटच्या दोन जुन्या मित्रांना त्याच्या मनातलं काढून घ्यायला लावलेलं असतं. त्यांच्यातला गिल्डेनस्टर्न राजाला येऊन सांगतो की तो काही ‘साउंड’ करून घ्यायला तयार दिसत नाही, म्हणजे ठाव लागू देत नाही. पुढच्या प्रवेशात हॅम्लेट त्याच गिल्डेनस्टर्नपुढे बासरी धरतो आणि म्हणतो, वाजव. मला येत नाही, म्हणतो तो. मग हॅम्लेट उसळतो: ही येत नाही आणि मला वाजवायला निघालास? माझ्या सगळ्यात खालच्या सुरापासून वरच्या टोकापर्यंत मला ‘साउंड’ करणार होतास? तिथे तो शब्द एकाच दमात सूर काढणंही आहे आणि तळ शोधणंही. शिवाय हॅम्लेटचं डोकं ‘साउंड’ आहे की नाही, हा तर नाटकभर चाललेला वाद, आणि तटाबाहेर ‘द साउंड’ आहेच. शेवटचे दोन मी माझ्या पदरचे घातले. पहिले दोन त्याचेच.

मराठीत हे वाक्य करताना दोन्ही एका शब्दात धरता येत नाहीत. ‘सूर’ घ्यावा तर खोली जाते, ‘ठाव’ घ्यावा तर बासरी मुकी होते. मी ‘ठाव’ ठेवीन. बासरी त्याच्या हातात आहे, प्रेक्षकांना दिसते आहे, आणि लगेच पुढच्या ओळीत एवढ्याशा वाद्यात केवढं संगीत आहे हे तो स्वतःच सांगतो. सुराची सोय तिथे होते. ठाव आपण घातला नाही तर दुसरं कोणी घालणार नाही.