करप्ट फर्मवेअरचा स्विच आणि उद्यमनगरातला कन्व्हर्टर

मे महिन्यात कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे धातू वितळवून ओतायच्या कारखान्यात, माझ्या हातनं एक नेटवर्क स्विच (सगळी मशीनं, कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारा डबा) बंद पडला आणि तो परत उभा करायला आख्खी रात्र गेली. ते सगळं नीट लिहून ठेवतोय, कारण त्या रात्री ज्या तिघांना फोन केला त्या तिघांनीही एकच सांगितलं, 'गेला तो भावा, नवीन घाल'. आणि तो गेला नव्हता.

स्विच म्हणजे सिस्कोचा कॅटलिस्ट २९६०, २४ पोर्टचा, जुना पण ठणठणीत. त्याच्यावर ऑफिस, डिस्पॅच, हजेरीचं मशीन आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्पेक्ट्रो लॅब. फौंड्रीत कधी गेला नसाल तर सांगतो, भट्टीतनं ओतायच्या आधी थोडं मेटल काढून त्याची नाण्याएवढी चकती पाडतात, ती लॅबमध्ये घासून स्पेक्ट्रोमीटरखाली धरतात आणि कार्बन, सिलिकॉन, मँगनीज किती टक्के आहे ते मिनिटभरात कळतं. तो आकडा नेटवर्कवरनं भट्टीजवळच्या स्क्रीनवर येतो, मग भट्टीवाले ठरवतात काय टाकायचं. तोवर मेटल तापत बसलेलं असतं आणि वीज खात असतं.

अपग्रेड करायला घेतला ऑडिटमुळं. माल घेणाऱ्या कंपनीच्या माणसांनी स्मार्ट इन्स्टॉलचा पॉइंट काढला होता. स्मार्ट इन्स्टॉल म्हणजे नवीन स्विच लावला की त्यानं आपोआप कॉन्फिग (सगळं सेटिंग) उचलावं म्हणून दिलेली सोय, ४७८६ नंबरच्या टीसीपी पोर्टवर ऐकत बसते, आणि २०१८ च्या मार्चमध्ये तिच्यातली मोठी भगदाडं जाहीर झाली होती. खरं तर नुसती 'नो व्हीस्टॅक' कमांड दिली असती तरी ती सोय बंद झाली असती. पण मला वाटलं इमेजच, म्हणजे स्विचचं फर्मवेअर असलेली फाइलच, जुनी आहे तर एकदाच नवीन टाकू, सोमवारची सुट्टी आहे, भट्टी बंद आहे, याहून चांगला वेळ कुठला मिळणार.

चूक तिथं झाली. फ्लॅश, म्हणजे स्विचची फाइली साठवायची मेमरी, ३२ एमबीची, त्यात दोन जुन्या इमेज आणि वेब पेजचं फोल्डर बसलेलं, जागा होत नव्हती म्हणून मी दोन्ही जुन्या इमेज उडवल्या आणि मग टीएफटीपीनं, म्हणजे नेटवर्कवरनं, नवीन ओढायला लावली. एक ठेवून दुसरी उडवली असती तरी भागलं असतं. दुपारपासनं ढग भरलेलेच होते, साडेचारला वळीव आला, पहिल्याच कडकडाटाला लाईट गेली. रॅकला यूपीएस होता पण बॅटरी उतरलेली, अर्ध्या मिनिटात सगळं काळंकुट्ट. लाईट आल्यावर बाकी सगळं उठलं, स्विचचा सिस्टीमचा दिवा मात्र हिरवा स्थिर होईना.

आता मुद्द्याचं. स्विचमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक आयओएसची, म्हणजे सिस्कोच्या स्वतःच्या सिस्टीमची इमेज, जी फ्लॅशमध्ये साधी फाइल म्हणून पडलेली असते, आणि दुसरा बूटलोडर, तो वेगळ्या जागी असतो आणि एवढंच बघतो की फ्लॅश उघडायची, इमेज शोधायची, चालू करायची. माझी फाइल अर्धवट होती, बूटलोडरला काहीच झालं नव्हतं. इमेज सापडली नाही की तो गप्प बसत नाही, कन्सोलवर, म्हणजे केबलनं थेट लॅपटॉप जोडायच्या पोर्टवर, 'स्विच:' असा प्रॉम्प्ट देऊन वाट बघत थांबतो. फक्त ते बघायला कन्सोल लावावा लागतो, नेटवर्कवरनं पिंग करून कळत नाही, आणि म्हणूनच लोक मेला म्हणून सोडून देतात.

निळी चपटी कन्सोल केबल रॅकच्या खाली डब्यात मिळाली. तिच्या एका टोकाला नऊ पिनांचा सिरीयल कनेक्टर, आणि माझ्या लॅपटॉपला नुसत्या यूएसबी. माझा कन्व्हर्टर महिन्याभरापूर्वी कुणीतरी नेला होता. सोमवार, दुकानं बंद. मग आठवलं की उद्यमनगरात आपला एक मित्र जॉबवर्क करतो, त्याची सीएनसी, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारा लेथ, जुनी आहे, प्रोग्रॅम अजून सिरीयलनंच टाकतात. फोन केला.

"भावा, यूएसबी टू सिरीयल हाय काय तुझ्याकडं?"

"हाय की. मशीनला प्रोग्रॅम टाकायचं. तुला चालंल काय त्ये?"

"पळतंय. केबल नको, नुसता कन्व्हर्टर दे."

भर पावसात पंचगंगेचा पूल, तावडे हॉटेल, कावळा नाका करत उद्यमनगर गाठलं, त्यानं ऑइलच्या हातानं कन्व्हर्टर काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून दिला, आणि आठ वाजता मी परत रॅकसमोर. टेराटर्म, म्हणजे कन्सोलशी बोलायचं सॉफ्टवेअर, उघडलं, ९६०० चा स्पीड, एंटर दाबलं आणि 'स्विच:' आलं. खरं सांगतो, अंगावर काटा आला.

आधी 'फ्लॅश इनिट', म्हणजे फाइल सिस्टीम उघडायची, त्याशिवाय काही दिसत नाही. मग डिरेक्टरी बघितली. नवीन इमेज निम्मीसुद्धा नव्हती, पण कॉन्फिग डॉट टेक्स्ट आणि व्हीलॅन डॉट डॅट दोन्ही जागेवर! फोनवरच्या एकानं सांगितलं होतं की फ्लॅश फॉरमॅट मार आणि कोरी कर. कृपा करून असं करू नका. स्विचचं आख्खं कॉन्फिग तिथंच असतं, फॉरमॅट केला की सगळे व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेली वेगवेगळी नेटवर्कं), सगळे पोर्ट हातानं परत बसवा. मी उलटं केलं, टेराटर्मचं लॉग चालू केलं आणि बूटलोडरमधनंच 'टाइप' कमांडनं कॉन्फिग फाइल स्क्रीनवर पूर्ण ओतली. लॅपटॉपमध्ये कॉपी आल्यावर जिवात जीव आला, मग फक्त ती अर्धवट इमेज डिलीट केली.

आता नवीन इमेज आत घालायची कशी? या मॉडेलच्या बूटलोडरला नेटवर्क कळत नाही, टीएफटीपी वगैरे काही नाही, रस्ता एकच, त्याच कन्सोल केबलवरनं एक्समोडेम, म्हणजे फाइल तुकड्यातुकड्यानं पाठवायची जुनी पद्धत. इमेज जवळजवळ ११ एमबीची. ९६०० च्या स्पीडला सेकंदाला ९६० बाइट जातात, म्हणजे तीन तासांच्या वर, तेही एकदाही न अडखळता. म्हणून बॉड रेट, म्हणजे हाच स्पीड, ११५२०० केला. तो सेट केला की स्क्रीनवर नुसता कचरा येतो, घाबरायचं नाही, टेराटर्मचा स्पीडही तेवढाच केला की प्रॉम्प्ट परत दिसतो. कॉपी कमांड दिली आणि स्क्रीनवर इंग्रजी सी अक्षर यायला लागलं, एक, मग थोड्या वेळानं अजून एक. तो स्विच सांगत असतो की मी तयार आहे, सीआरसी चेकवाली (चूक तपासता येईल अशी) फाइल पाठव. पुट्टी या तसल्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरात एक्समोडेमची सोय नाही, म्हणून टेराटर्म.

पहिल्यांदा एकतीस टक्क्यांवर अडकलं. मी वर चहा प्यायला गेलो आणि लॅपटॉप स्लीपला गेला. दुसऱ्यांदा स्लीप बंद केलं, पण त्या कन्व्हर्टरला ११५२०० झेपेना, रिट्राय वाढत वाढत चौसष्ट टक्क्यांवर तुटलं. तोवर अकरा वाजून गेलेले. मालक आण्णा खाली आले, म्हणाले, "का रं, हुईल का न्हाई? सकाळी सहाला मेटल वतायचं हाय." मी म्हटलं, आण्णा, तुम्ही झोपा, होणार. आणि ते नुसतं धीर द्यायला म्हटलं नव्हतं, प्रॉम्प्ट जिवंत होता तोवर मला खात्री होती. पण एक वाजता परत लाईट गेली आणि ती पावणेपाचला आली. आल्यावर स्पीड ५७६०० वर आणला आणि फाइल नव्याने लावली. हळू, पण एकही रिट्राय नाही.

त्या पाऊण तासात रॅकसमोर खुर्ची टाकून टक्के बघत बसलो होतो तेव्हा एक्समोडेमचा विचार मनात आला. वॉर्ड क्रिस्टेन्सन नावाच्या शिकागोच्या माणसानं १९७७ मध्ये फोनच्या लाईनवरनं फाइली पाठवायला हे लिहिलं, १२८ बाइटचा तुकडा पाठवायचा, समोरच्यानं बरोबर आहे म्हटलं की पुढचा, चुकला तर तोच परत. एवढंच. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ते गेले. त्यांनी लिहिलेली ती साधी पद्धत शिरोलीत फौंड्रीचा स्विच उठवत होती, आणि मला त्या माणसाबद्दल मनापासनं आदर वाटला.

शंभर टक्के झालं तेव्हा सहाला दहा कमी. बॉड रेट 'अनसेट' करून परत ९६०० ला आणला, हे विसरलं की पुढच्या माणसाला कन्सोलवर कचरा दिसणार. मग बूट कमांड. स्क्रीनवर @ ची रांग सरकायला लागली, सरकत सरकत गेली, आणि शेवटी आयओएस उठलं, जुन्या नावासकट, सगळे व्हीलॅन जागच्या जागी. लगेच 'व्हेरिफाय' मारून एमडी५ (फाइल पूर्ण आणि बरोबर आहे का ते सांगणारा आकडा) जुळवला, आणि तो जुळल्यावरच बाहेरची केबल परत खोचली.

पण मधल्या वेळात पहिली हीट (भट्टीतलं एका वेळचं मेटल) तयार झाली होती. लॅबमधलं पोरगं आकडे चिठ्ठीवर लिहून भट्टीपर्यंत पळत होतं, भट्टीवाला हातमोज्यानं ती चिठ्ठी धरायचा, कोपरे तपकिरी पडलेले. तिसऱ्या चिठ्ठीला ते निघालं तेवढ्यात वरच्या स्क्रीनवर कार्बन ३.४२ आलं. पोरगं अर्ध्या वाटेत थांबलं, स्क्रीन बघितली, चिठ्ठी बघितली, आकडा तोच. हात वर करून माझ्याकडं बघून हसलं आणि परत लॅबमध्ये गेलं.

त्याच आठवड्यात यूपीएसची बॅटरी बदलून घेतली, आणि रॅकच्या दाराला आतनं एक पाऊच लावलाय, त्यात निळी केबल, नवीन कन्व्हर्टर आणि इमेज असलेला पेनड्राइव्ह. उद्यमनगरातला कन्व्हर्टर मंगळवारी सकाळीच परत केला, मित्रानं न पुसताच मशीनला खोचला, त्याचा लेथ थांबलेला होता.