लॉरेन्सियातून ब्रोमीनयुक्त संयुगं वेगळी करताना: माझा अनुभव

लॉरेन्सिया या लाल शैवालात टर्पिनॉइड आणि अॅसिटोजेनिन ही नैसर्गिक संयुगं भरपूर, आणि त्यांतल्या बऱ्याच रेणूंवर क्लोरीन-ब्रोमीन बसलेले. ते काढणं सोपं; काढेपर्यंत न बिघडू देणं अवघड.

सुरुवात मी सूक्ष्मदर्शकाने करते. ताज्या फांदीचं टोक समुद्राच्याच पाण्यात काचपट्टीवर ठेवायचं. अनेक जातींच्या वरच्या थरातल्या पेशींत चेरीसारखे चकचकीत गोळे दिसतात. हॅलोजनयुक्त संयुगं तिथेच साठलेली असतात. नमुना वाळला किंवा फॉर्मॅलिनमध्ये गेला की गोळे नाहीसे, म्हणून नोंद त्याच दिवशी.

गोड्या पाण्याने धुऊ नये, पेशी फुटतात. गाळलेलं समुद्राचं पाणी वापरायचं आणि वर वाढलेली दुसरी शैवालं चिमट्याने काढायची, नाहीतर त्यांची संयुगं लॉरेन्सियाच्या नावावर जमा होतात! वाळवणं सावलीत. 500 ग्रॅम ओल्यातून साधारण 60 ग्रॅम सुकं उरतं.

ते डायक्लोरोमिथेन-मिथेनॉल या द्रावकांच्या 2:1 मिश्रणात अंधारात 24 तास, असं तीनदा. रोटाव्हॅपचं (निर्वातात द्रावक उडवणाऱ्या यंत्राचं) पाणी 35 अंशांच्या वर नेत नाही आणि शेवटी निर्वात फार ताणत नाही. हलके रेणू द्रावकाबरोबर निघून जातात. मिथेनॉलबरोबर आलेलं मीठ घालवायला अर्क इथाइल अॅसिटेट आणि पाण्यात हलवायचा. मध्ये फेसाळ थर अडला तर संपृक्त मिठाचं पाणी घालावं.

खरा घात सिलिका करते, म्हणजे अर्कातले रेणू वेगळे करायला कॉलममध्ये (उभ्या नळीत) भरलेली पूड. ती आम्लधर्मी असल्याने नाजूक इपॉक्साइड आणि ब्रोमाइड कॉलममध्येच रूप बदलतात. म्हणून आधी चौकोनी टीएलसी प्लेट (सिलिकेचा पातळ थर दिलेली पट्टी, द्रावक वर चढताना तिच्यावर रेणूंचे वेगवेगळे ठिपके होतात): कोपऱ्यात एक ठिपका, एकदा चालवायची, तासभर ठेवायची, 90 अंशांत वळवून त्याच द्रावकात पुन्हा. सगळे ठिपके कर्णावर आले तर कॉलम बिनधास्त. कर्णाबाहेर दिसला तो सिलिकेवर तयार झालेला. कॉलम हेक्झेनने सुरू करून इथाइल अॅसिटेट हळूहळू वाढवते. मागून कोलेस्टेरॉल येतं, त्याने हुरळून जाऊ नये.

वस्तुमान वर्णपटात (रेणूचं वस्तुमान दाखवणाऱ्या आलेखात) एक ब्रोमीन असेल तर दोन जवळपास सारखी शिखरं, मध्ये 2 एककांचं अंतर. ब्रोमीनसोबत क्लोरीन असेल, जसं इलॅटॉल या संयुगात, तर 332, 334, 336 अशी तीन, साधारण 3:4:1. 149चं शिखर मात्र प्लास्टिकमधल्या थॅलेट या रसायनाचं. शैवालाचा त्यात दोष नाही.

एनएमआरसाठी (रेणूची रचना ओळखण्याच्या चाचणीसाठी) ड्युटेरोक्लोरोफॉर्म हे द्रावक आधी बेसिक अॅल्युमिनातून गाळायचं, नाहीतर त्यातल्या आम्लाने रात्रीत नमुना बदलतो. उरलेला नायट्रोजनखाली, तपकिरी काचेच्या कुपीत, उणे 20 अंशांवर.