रायझन ३६०० वाला पीसी: अपग्रेड कशाचं आणि कधी?

रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड. २०१९-२० मध्ये जमवलेला हा संच नव्या गेममध्ये अडखळू लागला की हात आधी ग्राफिक्स कार्डाच्या किमतींकडे जातो. मी आधी आफ्टरबर्नर (खेळताना पीसीचे आकडे स्क्रीनवर दाखवणारं सॉफ्टवेअर) लावला.

स्क्रीनवर जीपीयूचा (कार्डाच्या चिपचा) वापर, व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी), तापमान आणि फ्रेमटाइमचा (प्रत्येक फ्रेमला लागणाऱ्या वेळेचा) आलेख एवढंच ठेवलं. सीपीयूचा (प्रोसेसरचा) एकूण टक्का फसवा असतो. त्याच्या १२ पैकी एकच थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांची एक रांग) पूर्ण भरला तरी तो आकडा निवांतच दिसतो. त्यापेक्षा व्ही-सिंक (फ्रेमचा वेग मॉनिटरला बांधणारी सेटिंग) आणि एफपीएसची (सेकंदाला किती फ्रेम) मर्यादा बंद करून, गेममधल्या त्याच जागी रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी वर आणायचं. एफपीएस चांगलेच वाढले तर कार्ड कमी पडतंय, जवळपास तिथेच राहिले तर प्रोसेसर किंवा रॅम. माझ्याकडे मोकळ्या रानात कार्ड अडत होतं आणि गर्दीच्या शहरात प्रोसेसर, त्यामुळे चाचणी दोन्हीकडे घ्यावी.

मग फुकटातले उपाय. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) एक्सएमपी (रॅम तिच्या छापील वेगावर चालवणारी सेटिंग) बंद असेल तर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर चालते, आणि रायझनला ते चांगलंच जाणवतं. रॅमची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी टाकावी. बहुतेक बोर्डांवर जोडी प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसते. टेक्स्चर एक पायरी खाली आणल्यावर झटके थांबले, तर ६ जीबी व्हीरॅम पुरत नाही असं समजावं.

सेटिंगने न सुटणारी गोष्ट म्हणजे हार्डवेअर रे-ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशेब करून उजेड-सावल्या दाखवण्याची कार्डातली खास सोय). डिसेंबर २०२४ मधला इंडियाना जोन्सचा गेम त्याच्याशिवाय चालत नाही आणि १६६० सुपरमध्ये ते नाही. असेच गेम खेळायचे असतील तर वाट बघण्यात अर्थ नाही. आरटीएक्स ४०६० वीज कमी खातं, पण त्याला ८ च लेन (बोर्डाशी डेटाची ने-आण करणारे मार्ग) आहेत. बी४५० च्या पीसीआयई ३.० वर (कार्डाच्या खाचेची जुनी, कमी वेगाची आवृत्ती) व्हीरॅम भरला की ते जास्त अडखळतं. या बोर्डावर मला १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० बरं वाटतं. त्याला १६ लेन मिळतात. मॉनिटर ६० हर्ट्‌झचा (सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा) असेल तर आधी कार्डच घ्यावं.

१४४ हर्ट्‌झवर स्पर्धात्मक गेम खेळणाऱ्यांनी मात्र आधी प्रोसेसर बघावा. रायझन ५६०० किंवा ९६ एमबी कॅशचा (प्रोसेसरमधली वेगवान मेमरी) ५७००एक्स३डी याच एएम४ सॉकेटमध्ये बसतो. एएम५ (पुढच्या पिढीचं सॉकेट) वर गेलात तर बोर्ड आणि डीडीआर५ रॅमही घ्यावी लागते. जुना प्रोसेसर काढण्याआधी त्याच्यावरच बायोस अपडेट करायचं, नाहीतर नव्यावर स्क्रीनच येत नाही. कूलर काढण्याआधी एखादा गेम दहा मिनिटं चालवून पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरमधला उष्णता वाहून नेणारा लेप) गरम करा, पीसी बंद करून प्लग काढा आणि कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत उचला. एएम४ च्या पिना प्रोसेसरच्या अंगाला असतात. थंड पेस्टवर कूलर सरळ ओढला, तर प्रोसेसर बंद सॉकेटमधूनही त्याला चिकटून बाहेर येतो आणि पिना वाकतात.