दीप आणि द्वीप

रसात बुडवलेली आमसुले गच्चीवर पुन्हा वाळत टाकून मी खाली आले, तोच रेडिओवर ओळखीचे वाक्य लागले: लक्षद्वीप परिसरात कमी दाबाचे क्षेत्र, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. मे महिन्याचे ऊन कडकडीत होते, तरी मी जिना चढून सगळी ताटे आत आणली. घरचे या सवयीला हसतात.

देवगडला संध्याकाळच्या बातम्यांत हवामान लागले, की घरात कोणी बोलायचे नाही, असा आजोबांचा दंडक होता. बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा चढणार का, एवढेच त्यांना हवे असे. मी मात्र 'लक्षद्वीप'चे 'लक्षदीप' करून समुद्रात लाख दिवे लावून बसत असे. पुढे भूगोलाच्या पुस्तकात ती बेटे अवघी ३६ निघाली, वस्ती त्यांतल्या १० बेटांवर आणि सारी जमीन मिळून ३२ चौरस किलोमीटर, तेव्हा फसवले गेल्याचे दुःख झाले. कोचीहून येणारे जहाज तिथल्या कित्येक बेटांशी प्रवाळाच्या कड्याबाहेर खोल पाण्यातच थांबते, माणसे लहान होडीतून किनाऱ्याला जातात, आणि दर्या खवळला की बेट समोर दिसत असूनही उतरता येत नाही, हे तर फार उशिरा कळले.

२०१७ च्या डिसेंबरात ओखी वादळ त्या बेटांना झोडपून उत्तरेला वळले, तेव्हा मुंबईत शाळांना सुट्टी मिळाली आणि केरळ-तमिळनाडूच्या ६८ होड्या साडेनऊशेहून अधिक खलाशांसह देवगडच्या आश्रयाला आल्या. आजोबा असते तर धक्क्यावरून हलले नसते. २०२१ च्या मे महिन्यात त्याच बाजूला जन्मलेल्या तौक्तेने आमच्या परसातला रातांबा, म्हणजे आमसुलांचे झाड, मुळासकट आडवा केला; तेव्हापासून रातांबे शेजाऱ्यांकडून मागवावे लागतात.

लक्षद्वीप हे नाव आमच्या घरात असे वादळाचा पत्ता म्हणूनच येत राहिले. त्या पत्त्यावर माणसे राहतात, आणि बातमी आमच्यापर्यंत पोहोचते तेव्हा वारा त्यांच्या माडांत शिरलेला असतो, हे आजोबांच्या तोंडून कधी निघाले नाही. मलाही ते आज, हातात ताट असताना सुचले.

संध्याकाळपर्यंत एक थेंब पडला नाही. आमसुले उद्या पुन्हा वर न्यायची आहेत, शक्यतो बातम्या लागण्याआधी.