सहा पुडे, तीन सुट्या
"त्रेसष्ट लिही," मी म्हणालो. लेकीनं पाटीवर ३६ लिहिलं.

"नीट ऐक. त्रे-सष्ट." तिनं ते पुसलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा ३६ लिहिलं. मग मी आवाज चढवला. ती रडली, तिची आई आतून बाहेर आली, गिऱ्हाईक काउंटरवर शेंगदाण्याची पिशवी घेऊन ताटकळत उभं. मागच्या वर्षी, ती दुसरीत असताना, दिवाळीच्या आधीची ही गोष्ट.

आमचं किराणा दुकान आहे, बार्शी तालुक्यातल्या एका गावात. पुढं दुकान, मागं घर. दिवसभर आकड्यांत राहणाऱ्या माणसाच्या पोरीला आकडे येऊ नयेत, हे मला फार लागलं होतं. खरं सांगायचं तर पोरीपेक्षा माझ्या अब्रूची काळजी जास्त होती. शिकवणी लावायचं ठरवलं. पण त्याआधी एकदा शाळेत जाऊन यावं म्हणून दुपारी दुकान आबांवर सोपवून निघालो.

जिल्हा परिषदेची शाळा, दोन खोल्या. बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि भिंतीवर खिळ्याला टांगलेली माळ काढली. शंभर मण्यांची. दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल. लेकीला म्हणाल्या, "त्रेसष्ट मणी वेगळे कर." तिनं दहा, वीस करत साठपर्यंत बोट सरकवलं, पुढं एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट मोजलं आणि चिमटा लावला. बरोबर.

"दशक किती?"

"सहा."

"सुटे?"

"तीन."

"आता लिही." तिनं ६३ लिहिलं. बाईंनी माळ उचलून मागं ठेवली आणि नुसतं तोंडानं विचारलं, "त्रेपन्न?" लेकीनं ३५ लिहिलं.

"हिला संख्या कळतीय, भाऊ," बाई म्हणाल्या. "कानाला आधी तीन ऐकू येतात. हातानं मात्र आधी पाच लिहायचे. शब्द अडतोय तिला."

शाळेतून परत येताना मला २०१९ आठवलं. त्या वर्षी बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीसच्या जोडीला 'वीस एक', 'वीस दोन' असं वाचन दिलं होतं आणि राज्यभर दंगा झाला. विधानसभेतसुद्धा टोलेबाजी झाली. मंगला नारळीकर त्या वेळी गणिताच्या समितीच्या अध्यक्ष होत्या. जुने शब्द काढलेले नाहीत, जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांना अडणाऱ्या पोरांसाठी ही सोय आहे, असं त्या सांगत होत्या. ऐकतंय कोण? मी तर दुकानात बसून उधारीवाल्यांना "साठ तीन रुपये झाले बरं का" म्हणून हसवायचो. लेक तेव्हा दोन वर्षांची होती, गुळाच्या ढेपेला धरून उभी राहायची.

आमच्याकडे तेलाचे डबे घेऊन येणारा टेम्पोवाला अक्कलकोटकडचा, घरात कन्नड बोलणारा. त्याला सहज विचारलं, तुमच्यात एकवीसला काय म्हणतात? "इप्पत्तोंदु." इप्पत्तु म्हणजे वीस, ओंदु म्हणजे एक. म्हणजे ज्या वीस एकला आम्ही हसलो, ते याच जिल्ह्यात लोक पिढ्यान्‌पिढ्या बोलतायत आणि त्यांचा हिशेब काही चुकत नाही. (त्याचा तर कधीच चुकत नाही, चुकतो तो माझाच.)

आता घरी माळ कुठून आणायची? समोर फळीवर काडेपेट्या होत्या. आमच्याकडे येणारा पुडा दहा पेट्यांचा असतो. संध्याकाळी सातच्या सुमाराला, गिऱ्हाईक जरा ओसरलं की, मी म्हणायचो, "त्रेसष्ट दे." ती सहा पुडे आणि तीन सुट्या पेट्या काउंटरवर मांडायची, मोठ्यानं "साठ तीन" म्हणायची, मग "त्रेसष्ट" म्हणायची आणि मग लिहायची. पहिले आठ दिवस उलटसुलट झालं. आवाज चढवायचा नाही असं तिच्या आईनं बजावलं होतं. दोनदा चढला.

वजाबाकीला मात्र मीच आडवा आलो. ५२ वजा २७. मला लहानपणी शिकवलेलं असं: वर दोनाला दहा द्यायचे, बारातून सात गेले पाच, खाली दोनाला एक द्यायचा, झाले तीन, पाचातून तीन गेले दोन. उत्तर २५. शाळेत शिकवतात ते वेगळं: पाच दशकांतलं एक सुटं करायचं, उरली चार, सुटे झाले बारा. उत्तर तेच. पण पोरीनं अर्धं माझं आणि अर्धं बाईंचं घेतलं, वरून एक दशक काढलं आणि खालीही एक दिला. उत्तर आलं १५. मी चुकीचं शिकवत नव्हतो, पण तिच्या वाटेत दुसरी वाट आणून सोडत होतो. आता वही उघडली की आधी विचारतो, "बाईंनी कसं सांगितलंय?"

आणि शाळेची रीतच दुकानाला जास्त जवळची निघाली. गिऱ्हाइकाला सात पेट्या हव्यात आणि फळीवर सुट्या दोनच आहेत, तर मी काय करतो? पुडा फोडतो. हे लेकीला सांगितल्यावर ती म्हणाली, "मग त्यात काय एवढं?"

मी शाळा व्यवस्थापन समितीवर तीन वर्षं होतो. कायद्यानं त्या समितीत पाऊण हिस्सा पालकांचा असतो. आम्ही पालक पत्रे, पाण्याची टाकी, खिचडीचा तांदूळ यावर तासतासभर बोलायचो आणि इतिवृत्तावर सह्या करून चहा प्यायचो. पोरांना वाचता येतं का, वजाबाकी येते का, हा प्रश्न मी तीन वर्षांत एकदाही विचारला नाही. तो बाईंचा विषय, असंच डोक्यात होतं. शाळेत माळ एकच आहे आणि वर्गात एकवीस पोरं, हेही मला त्या दुपारीच दिसलं. मग गावातल्या मण्यांच्या दुकानातून मणी आणि नायलॉनची दोरी घेतली, चार आयांनी आमच्या ओट्यावर बसून सहा माळा ओवल्या. एका माळेत एकशे एक मणी झाले. ते पोरांनीच शोधून काढलं.

शिकवणी राहूनच गेली.

आबांना या सगळ्याची गंमत वाटते. ते पावकी, निमकी, दिडकी पाठ केलेल्या पिढीतले. औटकी म्हणजे साडेतीनाचा पाढाही म्हणून दाखवतात. "सतरा दिडे?" म्हणून मला अचानक विचारतात आणि मी मोबाइलकडे हात नेला की स्वतःच "साडेपंचवीस" म्हणून मोकळे होतात. आमच्या वेळी नव्हतं बुवा साठ तीन वगैरे, असं त्यांचं चालू असतं.

परवा रात्री लेक उधारीच्या वहीत आकडे उतरवत होती. मी सांगत होतो, ती पुटपुटत लिहीत होती. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी. नव्व्याण्णवला पेन्सिल थांबली.

"आबा, साठाला एक कमी एकोणसाठ. नव्वदाला एक कमी एकोणनव्वद. मग शंभराला एक कमी एकोणशंभर का नाही?"

आबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, "पानं वाढली का बघ जा आईनं."