ग्वामचे तीन सेंट बाद, आणि चौकटीची नवी मांडणी

मागच्या नोंदीत ग्वाम या प्रशांत महासागरातल्या बेटाच्या ज्या जांभळ्या ३ सेंटच्या टपाल तिकिटाबद्दल मी एवढ्या आनंदाने लिहिले होते, त्यावरचा ओव्हरप्रिंट, म्हणजे तयार तिकिटावर नंतर छापलेला मजकूर, खोटा निघाला. तिकीट अस्सल आहे, ‘ग्वाम’ हा शब्द मात्र कोणीतरी मागाहून छापला आहे. सोळा पानांच्या चौकटीतले, म्हणजे तिकिटे मांडून दाखवण्याच्या प्रदर्शन-फ्रेममधले, पाचवे पान त्याच्यासाठी राखून ठेवले होते, त्यामुळे हा धक्का जिव्हारी लागला.

२१ जून १८९८ रोजी ‘चार्ल्सटन’ या युद्धनौकेचे कॅप्टन हेन्री ग्लास यांनी ग्वाम ताब्यात घेतले. त्यांची नौका बेटावर पोहोचली तेव्हा तिथल्या स्पॅनिश अधिकाऱ्यांना स्पेनचे अमेरिकेशी युद्ध सुरू झाल्याची खबरही नव्हती. पुढच्या वर्षी वॉशिंग्टनच्या सरकारी छापखान्यात चालू अमेरिकन तिकिटांवर बेटाचे नाव छापून ती तिकडे रवाना झाली. ही तिकिटे ‘यूएसपीएस’ अशा दुहेरी रेषेच्या अक्षरांचा वॉटरमार्क (कागदातच उमटवलेली पुसट खूण) असलेल्या कागदावरची आहेत. परंतु जॅक्सनच्या चेहऱ्याचे हेच जांभळे ३ सेंट १८९४ मध्ये वॉटरमार्क नसलेल्या कागदावरही निघाले होते, आणि बनावट करणाऱ्यांच्या पथ्यावर पडते ते नेमके हेच.

शंभर तिकिटांमागे वॉटरमार्कची अक्षरे नव्वदच असल्यामुळे एखाद्या तिकिटाच्या वाट्याला अक्षराची जेमतेम कड येते. माझ्या तिकिटावरही तशी कड सापडेल, याच आशेवर मी तीन रविवार घालवले. वॉटरमार्क उठून दिसावा म्हणून काळ्या बशीत लायटरचे पेट्रोल घालून तिकीट पालथे ठेवले, तेव्हा पुसटशी रेघ दिसली आणि मी हुरळून गेलो. ती जुन्या हिंजची, म्हणजे तिकीट वहीत चिकटवण्याच्या कागदी पट्टीची, कड होती. (यासाठी मिळणाऱ्या महागड्या परदेशी द्रवाच्या बाटलीपेक्षा हे पेट्रोलच मला सरस वाटते, खिडकी तेवढी उघडी ठेवावी.) हिंज काढून पुन्हा पाहिले, पाठीचे स्कॅन करून काँट्रास्ट वाढवला, तरी काही नाही. अखेर तिकिटे ठेवण्याच्या स्टॉकबुकातले १८९५ चे ओव्हरप्रिंट नसलेले, वॉटरमार्कचे साधे ३ सेंट त्याच बशीत शेजारी ठेवले. त्याच्यावर ‘एस’चे पोट क्षणात उमटले, माझे तिकीट कोरेच राहिले. मग तिरप्या उजेडात दहापटीच्या भिंगाखाली कोपऱ्यातला टपालाचा शिक्का पाहिला. त्याच्या कमानीवरून ‘एम’चा उजवा पाय स्पष्ट गेलेला होता. आधी शिक्का आणि नंतर ओव्हरप्रिंट, हा क्रम खऱ्या तिकिटात संभवतच नाही. विक्रेता पैसे परत करायला तयार नाही. तज्ज्ञांच्या प्रमाणपत्राशिवाय ग्वाम घेऊ नये, असे माझे ठाम मत झाले आहे.

याच आठवड्यात दुसऱ्या पाकिटातून मात्र कॅनॉल झोनचे, म्हणजे पनामा कालव्याभोवतीच्या अमेरिकी पट्ट्याचे, १९०६ चे १ सेंट आले. मूळ तिकीट २० सेंटचे जांभळे, पनामा कोलंबियाचा प्रांत असतानाचे, संयोगभूमीच्या नकाशाचे. ‘कोलंबिया’वर आडवी पट्टी, दोन्ही बाजूंना उभे ‘पनामा’, त्यावर ‘कॅनॉल झोन’ आणि नवी किंमत. नोव्हेंबर १९०३ मध्ये पनामा कोलंबियापासून फुटला, त्याच महिन्यात करार होऊन दहा मैल रुंदीचा पट्टा अमेरिकेच्या हाती गेला, आणि अमेरिका आणि पनामा यांच्यातल्या १९०४ अखेरच्या टाफ्ट करारामुळे त्या पट्ट्यात पनामाचीच तिकिटे ओव्हरप्रिंट करून वापरणे भाग पडले. बोटभर कागदावर एवढे सगळे मावलेले पाहून मी बराच वेळ चिमटा खाली ठेवला नाही.

हे लिहिता लिहिताच जाणवते आहे की, चौकट कालक्रमाने लावण्यात अर्थ नाही. कोणाच्या तिकिटावर कोणाचे नाव छापले गेले, यावरून तिचे भाग पडायला हवेत. ग्वाम, फिलिपिन्स आणि पोर्टो रिको येथे अमेरिकेचे तिकीट आणि वर बेटाचे नाव. कॅनॉल झोनमध्ये पनामाचे तिकीट आणि वर अमेरिकेच्या ताब्यातल्या पट्ट्याचे नाव. हवाईत तर अजून तिसरेच: तिथली राणी लिलिउओकलानीला जानेवारी १८९३ मध्ये पदच्युत केल्यावर तिच्याच चित्राच्या २ सेंटवर लाल शाईत ‘हंगामी सरकार १८९३’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे उमटली. ते तिकीट माझ्याकडे आहे आणि आता पहिल्या पानावर तेच जाईल.

खोटे ग्वामही मी काढून टाकणार नाही. सोळाव्या पानावर ते १८९५ च्या साध्या ३ सेंटशेजारी लावायचे, दोघांच्या पाठींची स्कॅन छायाचित्रे खाली द्यायची, आणि शिक्क्यावरून गेलेला तो ‘एम’चा पाय मोठा करून दाखवायचा. त्यासाठी उद्याच पुन्हा स्कॅन करतो.